नळीत आधी हाक मारायची

पहिल्याच दिवशी मला खटकलं ते हे, की कारखान्यातला प्रत्येक ब्रश त्याच्या नळीपेक्षा जाड होता.

मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. पनवेलच्या बाजारामागे दामूअण्णांचा ब्रशचा कारखाना. बॉयलरच्या नळ्या, सोड्याच्या बाटल्या, दुधाचे पाइप, जे जे आतून घासायचं ते घासणारे ब्रश गिऱ्हाइकाच्या मापाने करून द्यायचे. माझं काम पत्रं लिहायचं आणि ऑर्डरी उतरवून घ्यायचं. माझ्या टेबलावर नळीचे तुकडे आणि शेजारी त्यांचे ब्रश मांडून ठेवलेले. सहज एक घालून बघितला. जाईना. दुसरा घेतला, तोही अडला.  सगळा कारखाना चुकतोय, आणि हे मालकांना सांगायची पाळी पहिल्याच दिवशी माझ्यावर!

दुपारपर्यंत धीर गोळा केला आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सैल ब्रश नळीत फिरायला जातो," ते म्हणाले. "कामाला जायचं तर जरा कुरकुरतच जायचं. तू आज आलीस तशी."

ब्रश कातरताना केसांचे बारीक तुकडे पडत. संध्याकाळी कितीही झाडलं तरी सकाळी पायाला चिकटायचेच. तिथले किस्सेही तसेच. घरी जाऊन पदर झटकला की दोन-चार पडतात. मैत्रिणी विचारतात, ब्रशच्या कारखान्यात सांगण्यासारखं काय असणार? तर ऐका.

* * *

ब्रश नेमका कशाचा करायचा हा तिथला मोठा विषय. डुकराचे केस, घोड्याचे केस, काथ्या, ताडाचा धागा, लोखंडी तार, पितळी तार. नायलॉनचं नाव तेव्हा नुकतं कानावर येऊ लागलं होतं आणि अण्णांचा त्यावर विश्वास नव्हता.

एकदा सोड्याच्या कारखान्याचे कासमभाई आले. बाटलीचा ब्रश हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "बेटी, बाल किसके हैं?"

मी घाबरून म्हणाले, "घोड्याचे."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ऑर्डर दिली. ते पायरी उतरतात न उतरतात तोच दूधवाले जोशी आले. त्यांनीही ब्रश घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आवाज तसाच खाली आणला आणि तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. जोशी मात्र विचारात पडले.

"मेलेल्या की जिवंत?"

हे कुणी मला शिकवलंच नव्हतं. मी आत हिराबाईंकडे पाहिलं. हिराबाई जवळच्या विचुंबे गावच्या, रोज शेताच्या बांधावरून चालत यायच्या. केस निवडणं आणि तयार ब्रश कातरणं त्यांच्याकडे. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शेपटीचे हायत. घोडा तुमचंच दूध पिऊन जगतोय, असं लिवून घ्या."

जोशींनी ब्रश घेतला. त्या दिवसापासून ते मला मात्र टाळू लागले.

* * *

भाताच्या गिरणीचे मालक एक जुना, झिजलेला ब्रश घेऊन आले. हुबेहूब असाच हवा, केसभरही फरक नको, असा त्यांचा हट्ट. अण्णांनी परोपरीने सांगितलं, नळीचा तुकडा आणा, त्यावरून माप घेऊ. ऐकतील तर शपथ. शेवटी अण्णांनी तसाच करून दिला. आठवडाभरात मालक परत. म्हणे, नवा ब्रश जुन्यासारखाच काही घासत नाही!

अण्णा म्हणाले, "सासऱ्याचा फोटो दाखवून जावई मागितलात. मी काय करणार?"

त्याच गिरणीचा बॉयलरवाला पुढे एकदा भर बाजारातून खांद्यावर अख्खी नळी घेऊन आला. नळीच्या एका तोंडातून ब्रशची मूठ बाहेर आलेली. मागून पोरं आणि एक कुत्रा. नळी अर्धी घासून झाल्यावर त्याने ब्रश मागे ओढला होता. आत शिरताना केस मागे लवतात. अर्ध्यावर ओढला की ते उलटे फिरायला बघतात आणि ब्रश तिथेच पाचरीसारखा बसतो. एका तोंडाने घातला की दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायचा, मधे परतायचं नाही. हा तिथला पहिला नियम.

"लगनासारखंच हाय," हिराबाई म्हणाल्या.

घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

* * *

आणि ती पाल. पार्सलने नळीचा नमुना आला. मी उजेडाकडे धरून आत डोळा लावला, तर पलीकडून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं! मी किंचाळले, नळी सुटली, अण्णांच्या पायावर पडली. पाल शांतपणे बाहेर आली आणि भिंतीवर चढली.

हिराबाईंनी मला पाणी दिलं. "आदी हाक मारायची, बाय. मंग डोला लावायचा. आत कोन असंल तर निघून जातंय. आन आवाज पलीकडं पोचला तर नली मोकली हाय."

मला वाटलं, माझी समजूत काढतायत. पण बघते तर सगळेच तसं करत. नळी कितीही छोटी असो, माप घेण्याआधी तिच्यात "ओऽ" करायचं. अण्णासुद्धा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे लोखंडाशी गप्पा मारणारी माणसं राहतात.

* * *

आता मोऱ्याचं सांगते.

मोरा बंदरावरून मुंबईला जाणाऱ्या एका लाँचच्या सारंगाचा निरोप आला. सारंग म्हणजे लाँच चालवणारा. तो वर सुकाणूपाशी, इंजिन ड्रायव्हर खाली. दोघांत बोलायला एक पितळी नळी होती. वरून बोललं की खाली ऐकू जायचं. ती चोंदली होती. घंटी वाजवून पुढे, मागे, थांब एवढंच सांगता येई. परवाच लाँच धक्क्याला घासता घासता वाचली होती.

अण्णा म्हणाले, "कुसुम, हा ब्रश तू निवड. पार गेला तर यापुढे निवडीचं काम तुझं. अडकला तर आपली पत्रं बरी."

मला ते काम हवं होतं. किती हवं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

मोऱ्याला जाऊन माप घेऊन आले. आधी हाक मारली, तर आवाज तसाच तोंडावर परत आला. काडी घालून पाहिली तर टोकाला माती. गांधीलमाशीने आत घर केलं असावं. केस मातीला पुरणार नाहीत, लोखंडी तारेने पितळेला ओरखडे पडतील, काथ्या दमट हवेत भिजून बसेल. मी पितळी तार निवडली. नळीला वळण होतं, म्हणून ब्रश लवचीक वेताला आट्यांनी पिळून बसवायचा ठरवला. अण्णा माप सांगायला उठून हिराबाईंकडे गेले. म्हणजे बरोबर.

ब्रश घेऊन एस.टी.ने निघालो, मी आणि हिराबाई. वाटेत मी बोलून गेले, माप लिहिताना मी जरा जाडच लिहिलंय, नियमाप्रमाणे.

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मालकानी तर मला सांगताना वरून जरा वाडवून सांगितला. तू नवीन हायस म्हनून."

"आणि तुम्ही?"

"मी बी कातरताना जरा ठेवलाच की. मालकाचं ध्यान नसतंय म्हनून."

 ब्रश माझ्या मांडीवर होता. त्याच्याकडे बघवेना.

लाँच धक्क्याला लागलेली. भरती उतरायच्या आत सुटायची होती, उतारू बोचकी घेऊन उभे. सारंग हाताची घडी घालून बघत होता. मी नळीत ब्रश घातला. तो कुरकुरला नाही, अक्षरशः ओरडला. वळणापर्यंत गेला आणि थांबला. पुढे जाईना. मागे ओढायचा नाही.  हिराबाई कानाशी म्हणाल्या, "ढकल, बाय. मागं बघू नको."

मी डोळे मिटले, सगळा जोर लावला आणि वेत पिळला. एकदम हलका झाला. बाहेर काढला तर टोकाला ब्रशच नव्हता.

पिळताना आटे सुटले होते. ब्रश खाली पडला, की वळणातच बसला? हिराबाई खाली बघायला जिन्याकडे निघाल्या. मला तेवढंही थांबवेना. नळीला तोंड लावलं.

"ओऽ! ऐकू येतंय का?"

काही नाही. नुसती इंजिनाची धडधड.

"ओऽ! खाली कुणी आहे का?"

काही नाही. सारंग माझ्या खांद्यावरून नळीवर वाकला आणि मान हलवत म्हणाला, "राहू दे, बाय. नळी कितीबी साफ कर, खाली बसलाय तो बहिराच हाय."

मी शेवटची हाक मारली. नळीतून आधी खोकल्याचा आवाज आला. मग अगदी कानाशी बसून बोलावं तसा माणसाचा:

"बाय, तुमचा बुरूस माज्या च्याच्या टोपात पडलाय. आन सारंगाला सांगा, बहिरा मी नाय."