दिवे बंद करून

मी पोलिसांना रात्री ड्रोन उडवायला शिकवतो. आधी लग्नांची शूटिंग करायचो, त्यामुळं हात बसलेला होता. दौंडच्या बाहेर एका माळावर आमचा वर्ग भरतो. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडचे शिपाई येतात. अंधारात ड्रोन स्थिर कसा धरायचा, विजेच्या तारा कशा चुकवायच्या, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात कुत्रं कोणतं आणि माणूस कोणता, हे सगळं मी शिकवतो. एकच गोष्ट मला कधी शिकवू दिली नाही. त्या रागानं आजही माझं डोकं फिरतं.

ती गोष्ट म्हणजे, ड्रोन उडवण्याआधी गावाला सांगा.

आमच्याकडं रात्री आकाशात काही घरघरलं की चोर टेहळणीला आले, असं लोक धरून चालतात. कुठून उठली ही आवई, देव जाणे. पण गावोगाव लोक काठ्या घेऊन गस्त घालतात. वर्गावर देखरेख करणाऱ्या साहेबांना मी म्हटलं, नळाला पाणी कधी येणार ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगतातच की, तसं हेही सांगू. साहेब हसले. "मास्तर, ही टॅक्टिकल कारवाई आहे, तुमची वरात नाही. दिवे बंद, तोंड बंद." सगळी पोरं हसली. मला पगार तिथूनच मिळत होता, म्हणून दात-ओठ खात पुढचा धडा सुरू केला.

मग ऐन थंडीत एका संध्याकाळी शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. गावातले एक आबा, अलीकडं त्यांना काही आठवायचं नाही, उसाच्या फडात शिरले होते आणि बाहेर आलेच नव्हते. बिबट्याच्या भीतीनं अंधारात आत जायला कोणी धजत नव्हतं. साहेबांनी फोनवरच पाटलांना बजावलं, आम्ही येतोय हे कुणाला बोलू नका. का बोलू नका? तशी सवयच लागली होती.

आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिलो. माझ्या वर्गातली सगळ्यात तयार महिला शिपाई रिमोट घेऊन होती. मी म्हटलं, "साहेब, इथं चोर धरायचा नाहीये. म्हातारा माणूस शोधायचाय. दिवे लावू द्या, भोंग्यावर सांगू द्या."

"आपल्या पद्धतीनं होऊ द्या," साहेब म्हणाले.

ड्रोन काळोखात गेला. बराच वेळ स्क्रीनवर नुसता काळा ऊस सरकत राहिला. मग लांबवर, पाण्याच्या चारीच्या कडेला, एक पांढरा ठिपका उमटला. "सर, माणूसच हाय. बसलाय," ती म्हणाली. नेमका कुठल्या फडात, ते बघायला तिनं ड्रोन खाली घेतला. तेवढ्यात स्क्रीन विझली.

थोड्या वेळानं आबांचा मुलगा धावत आला. चाळिशीचा गडी, एका हातात गोफण, दुसऱ्या हातात मोडका ड्रोन. ज्वारीवरची पाखरं हाकून हाकून तयार झालेला नेम होता तो, अंधारात नुसत्या घरघरीवर लागला. "पाडला चोरांचा! माझा बा हरवलाय, समदं गाव फडाकडं पळालंय, आन् ही लोकं घरं फोडाया आल्यात!" त्यानं आमच्याकडं मोठ्या आशेनं पाहिलं. पोलीस आलेले बघून त्याला बरं वाटलं होतं.

"सरकारी मालमत्ता आहे ही," साहेब म्हणाले. "गुन्हा दाखल करीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगार, नोकरी, काही सुचलं नाही. तोंडाला येईल ते बोललो त्यांना, सगळ्यांसमोर. काही उपयोग झाला नाही. ड्रोन पडला तिथून ठिपका बराच लांब होता; दिशा कळली होती, जागा कळली नव्हती. बॅटऱ्या घेऊन माणसं फडाच्या कडेकडेनं हाका मारत फिरली.

परवानग्या मिळून दौंडहून दुसरा ड्रोन आला तेव्हा उजाडायला थोडाच वेळ उरला होता. आता मात्र भोंग्यावरून गावाला सांगितलं, दिवे लावले, सगळं रीतसर झालं. त्या पोरीनं चारीच्या कडेनं ड्रोन इंच इंच फिरवला. मुलगा तिच्या शेजारी उभा राहून बघत होता. सगळा काळोख. "इथं कोणी नाही. पुढं घ्या," साहेब म्हणाले.

उजाडल्यावर लोक कोयते घेऊन आत शिरले. आबा तिथंच होते, ड्रोन जिथून पुढं गेला तिथंच, अर्धे चारीच्या पाण्यात. तो कॅमेरा ऊब बघतो. अंगात ऊब उरली नव्हती.

मुलानं वडिलांना बांधावर निजवलं आणि तो उठून त्या शिपाई पोरीकडं आला. "ताई, राती हितं कोण दिसलं हुतं का?"

साहेब मागून मान हलवत तिला गप्प राहायला खुणावत होते. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दिसले हुते, दादा. जित्ते हुते."