दुसऱ्या व्हायोलिनच्या काकू

कर्वेनगरातल्या विजयाकाकू एवढ्या गोऱ्या कशा, हा प्रश्न सोसायटीत नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो आणि दुसऱ्या आठवड्यात विसरतो. त्यांचं मराठी ऐकलं की विसरायलाच होतं. माहेरचं नाव व्हिओरिका. लग्नात सर्जेरावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'विजया' लिहिलं, आणि व्हिओरिका त्या तांदळाबरोबर डब्यात गेली.

सर्जेराव इथल्याच शेतकरी घरातले. तेलाचं इंजिनिअरिंग शिकायला रुमानियात गेले आणि येताना प्लोयेश्त गावची व्हायोलिनवाली घेऊन आले. तिथे चौघांच्या संचात ती दुसरं व्हायोलिन वाजवायची. चाल पहिल्या व्हायोलिनची; दुसऱ्याने त्याच त्या चार सुरांवर गज फिरवून खालून आधार द्यायचा आणि पहिलीच्या खांद्याकडे नजर ठेवायची. ती पहिली म्हणजे दोइना, तिची जिवाभावाची मैत्रीण. मोठ्या चालीआधी दोइना श्वास घेऊन जराशी थांबायची, लयीत बसणार नाही इतकी. त्या थांबण्यात तिला सांभाळून घ्यावं ते व्हिओरिकानेच.

पुण्यात बरोबर वाजवायला कोण मिळणार? तरी रोज सकाळी दहाला, पोळ्या आटोपल्या की, काकू उभ्या राहून आपला भाग वाजवायच्या. वरची चाल त्यांना डोक्यात ऐकू यायची, दोइनाच्या श्वासासकट. बाकी घराला ऐकू यायचे ते चार सूर. शेजारच्या फ्लॅटमधल्या थोरल्या जाऊबाई, वेणूबाई, चाळीस वर्षं एकच विचारत आल्या, "अगं, गाणं कवा सुरू व्हायचं? नुसतं घासतीयास."

दोइना सत्त्याण्णव साली गेली. पत्राने कळलं, तेही चार महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता काकूंनी भीतभीत गज टेकवला, तर चाल वर होतीच. तेव्हापासून त्यांनी एक दिवस चुकवला नाही, अगदी सर्जेरावांच्या तेराव्यालासुद्धा नाही.

गेल्या डिसेंबरात रुमानियाहून चार तरुण वादक पुण्यात आले. त्यातल्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने उतरल्या उतरल्या भेळ खाल्ली आणि अंथरूण धरलं. आयोजक शोधत शोधत काकूंच्या दारात आले. वाजवायची रचना तीच, रोजची. अडुसष्टाव्या वर्षी काकूंनी दारातूनच आत वळून व्हायोलिनची पेटी काढली.

तालमीत एक सूर चुकला नाही. पण तीन जागी त्या मागे राहिल्या. पहिलं व्हायोलिन वाजवणारा राडू, नातवाच्या वयाचा, अदबीने रुमानियनमध्ये म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाची वाट बघता?"

"कुणाची नाही."

"मी तिथे थांबत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत जमेल? नाहीतर आम्ही तिघंच काहीतरी वाजवू."

"जमेल," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या ठोके देणारं यंत्र पुढ्यात ठेवून बसल्या. दोइना थांबली की यांनी पुढे जायचं. पहिल्यांदा जमेना. बोलत्या माणसाला वाटेत सोडून निघून जावं तसं वाईट वाटत होतं. पण व्यासपीठावर बसायचं होतं, चाळीस वर्षांनी एकदा, जिवंत माणसांबरोबर. काकूंनी मन घट्ट केलं. दुपारी चारपर्यंत तिन्ही जागा ठोक्यात बसल्या.

कार्यक्रम झकास झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या वेणूबाई नऊवारी सावरत वर आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता कळलं बाई. एवढं गाणं तुझ्या डोक्यात व्हतं होय?" काकू खूप दिवसांनी खळखळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या नेहमीसारख्या खिडकीशी उभ्या राहिल्या. भाग सुरू झाला, लख्ख, ठोक्यात. वर काहीच नव्हतं. पहिली जागा आली. काकू मुद्दाम थांबल्या. कुणी श्वास घेतला नाही. त्यांनी पहिल्यापासून वाजवलं, मग आणखी एकदा, डोळे मिटून, दोइनाचा निळा कोट, तिचा खांदा, सगळं आठवून. चार सूर तेवढे घरभर फिरले.

त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. आवाज बंद झाला म्हणून वेणूबाई दारात आल्या.

"आज लवकर उरकलंस?"

"हो, जाऊबाई," काकू म्हणाल्या. "आज एकटीच होते."