सीटखालचा मृदंग

आमच्या गाडीतला वूफर आणि ह्यांचे कान साधारण एकाच सुमाराला गेले. वूफर बदलून मिळतो. कानांचंही काहीतरी होईल, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं. वेडेपणाच तो, पण त्या वर्षी माझ्यापाशी दुसरं शहाणपण नव्हतं.

आमचे हे जन्मभर जहाजावर होते. जहाजावर म्हणजे वर वारा खात नव्हे, तर खाली इंजिनरूममध्ये. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात, उरलेले घरी. रत्नागिरीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत, तेव्हा आमचं काही जगावेगळं होतं असं मी म्हणणार नाही. नवरा परदेशात, हातात पैसा, दारात गाडी आणि बोलायला भिंत. त्यात माझा स्वभाव बोलका. गप्प बसायला सांगितलं तर माझ्या पोटात दुखतं.

मग मी सांगायच्या गोष्टी साठवून ठेवायचे. बंदरातून फोन आला तर त्यात मुलाची शाळा आणि बँकेचं काम एवढंच मावायचं. बाकीचं सगळं हे सुट्टीवर आले की गाडीत. गाडी मी चालवायचे. ह्यांच्या मागे मीच शिकले होते, आणि इकडच्या वळणांची ह्यांची सवय गेली होती. पावस गावाला आमची थोडी हापूसची कलमं आहेत. तिकडे जाताना घर सोडल्यापासून बागेच्या दगडी गडग्यापर्यंत माझी टकळी चालू असायची. हे शेजारी बसून "हूं, हूं" करायचे आणि मधेच म्हणायचे, "अगो, श्वास तरी घे." आमच्या संसारातलं जे काही गोड होतं ते त्या गाडीत होतं. घरात पाहुणे असायचे, नातेवाईक असायचे, आणि हे परत जायच्या तयारीत असायचे.

गाडी ह्यांनी हौसेने घेतली होती, तेव्हाचं सगळ्यात वरचं मॉडेल. त्यात कंपनीनेच बसवलेला वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, होता, ड्रायव्हरच्या सीटखाली चपट्या डब्यात, आणि त्याच्याजवळ पुस्तकाएवढा अँप्लिफायर. ह्यांना गाण्याचं वेड नव्हतं, मृदंगाचं होतं. ह्यांचं गाव देवरूखच्या पुढे डोंगरात. तरुणपणी हे शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचे, लोक रात्रभर बसायचे म्हणे. मग जहाज आलं आणि शिमगा सुटला. एकाही शिमग्याला ह्यांची सुट्टी जमली नाही. गावच्या नमनाचं रेकॉर्डिंग गाडीत लावायचं आणि मांडीवर ताल धरायचा, एवढंच राहिलं.

एकदाचे हे कायमचे घरी आले. मी म्हटलं, आता पोटभर बोलेन. तर ह्यांना ऐकू येईना. दर सुट्टीला थोडं थोडं कमी होत होतं, पण नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही यात नवल ते काय, असं म्हणून आम्ही बायका हसायचो. आता हसू येईना. हे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि काहीतरी भलतंच उत्तर द्यायचे. मी मीठ म्हटलं की हे पीठ आणून ठेवायचे.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की इंजिनांच्या घरघरीत इतकी वर्षं काढल्यावर हे व्हायचंच. बारीक आवाज आधी मरतात, जाड आवाज मागे राहतात. कानातलं मशीन घ्या म्हणाले. घेतलं. ह्यांनी ते चार दिवस वापरलं, कानात रातकिडा शिरल्यासारखं वाटतं म्हणून डबीत घातलं आणि डबी कपाटात. मी भांडले, रडले, जेवण टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांचा हट्ट म्हणजे कातळ आहे, सुरुंग लावला तरी कोपरासुद्धा उडायचा नाही.

पण डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जाड आवाज मागे राहतात. आमच्या बागेतला पंप सुका पडला की तो पाणी उचलत नाही. वरून एक बादली ओतावी लागते, मग तो खालचं ओढायला लागतो. मला वाटलं, कानांचंही तसंच असेल. आधी जाड आवाज भरपूर ओतायचा, मग मागोमाग बारीकही येईल. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

आणि मला घाई होती. एक गोष्ट सांगायची राहिली होती.

मुलाच्या पाठीवर आम्हाला आणखी एक मूल व्हायचं होतं. सातव्या महिन्यात ते गेलं. हे तेव्हा समुद्रात होते. दवाखान्यात सगळ्या बायका म्हणाल्या, बघू नकोस, बघितलंस तर जन्मभर डोळ्यांसमोरून हलणार नाही. मी बघितलं नाही असंच सगळ्यांना सांगितलं. पण मी बघितलं होतं. हे काही महिन्यांनी आले तेव्हा घरात विषय काढायचा नाही असं ठरलेलंच होतं. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. परत जहाजावर जायच्या माणसाच्या डोक्यावर असलं गाठोडं देऊ नये, असं मला प्रत्येक सुट्टीत वाटायचं. हे कायमचे घरी येतील तेव्हा सांगेन, असं करत करत माझे केस पिकले.

तर मी गाडी घेऊन गाड्यांची म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्याकडे गेले. साळवी स्टॉपच्या पुढे दुकान आहे, बाहेर निळे दिवे. दुकानदाराने सीटखालचा डबा काढला आणि नाक मुरडलं. आमची खारी हवा, त्यात पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी. वूफरची कडा कुजून तिचा भुगा झाला होता, कागदाचा पडदा फाटला होता, अँप्लिफायरच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. तो म्हणाला, नुसता वूफर बदलून भागणार नाही, ह्या अँप्लिफायरमध्ये दम नाही, दोन्ही नवं घ्या आणि बॅटरीवरून थेट जाड वायर ओढू. समोरचा प्लेयर मात्र जुनाच राहील. मी म्हटलं ओढ. मग तो डिकीत मावेल असा भला मोठा खोका दाखवायला लागला. मी विचारलं, मग आंब्याच्या पेट्या काय डोक्यावर घेऊ? शेवटी सीटखाली जाईल असा चपटा वूफर ठरला, अँप्लिफायर त्याच्यातच.

मी म्हटलं, हा ड्रायव्हरच्या नको, बाजूच्या सीटखाली बसव. तो म्हणाला, चालवणाऱ्याला मजा यायला हवी ना. मी म्हटलं, चालवणारीची मजा तू बघू नकोस. त्याने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि तो कामाला लागला. शेजारणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, एवढ्या जुन्या गाडीला एवढं महाग काय काय बसवायचं, नाकापेक्षा मोती जड. तिचंही बरोबरच होतं. पण माझ्या मनात काय आहे ते मी तिला कशाला सांगू?

गाडी घरी आणली, ह्यांना हाताला धरून बाजूच्या सीटवर बसवलं आणि पेन ड्राइव्ह लावला. पुतण्याने गावच्या नमनाचं नवं रेकॉर्डिंग भरून दिलं होतं. टाळ वाजले तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग मृदंगावर थाप पडली. सीटच हलली. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "ऐकू येतंय."

मी तिथेच रडायला लागले. हे मला हसले, म्हणाले वेडी आहेस. मग डोळे मिटून मांडीवर वाजवायला लागले, आणि बोटं अशी पडत होती की मला लग्नाआधीचे हे दिसले, जे मी कधी बघितलेच नव्हते. त्या दिवशी हे दोन तास गाडीतून उतरले नाहीत. चहासुद्धा गाडीतच दिला. नंतरचे आठ दिवस हेच. मला वाटलं, ओततेय बादली, आता पंप ओढेल.

रविवारी पावसला निघालो. आंब्याला पाड लागला होता, काढणी कधी करायची ते बघायचं होतं. भाट्याचा पूल ओलांडून घाटी चढलो. मृदंग चालू होता. मी सहज बोलायला लागले. पाऊस लवकर येईल का, काढणीला माणसं मिळतील का. हे मान हलवत होते. मी आणखी बोलले, ह्यांनी आणखी मान हलवली. इतक्या वर्षांनी मी बोलत होते आणि हे ऐकत होते, अगदी पूर्वीसारखं.

मग मी सांगितलं. नजर रस्त्यावरच ठेवली, कारण ह्यांच्याकडे बघून मला ते जमलं नसतं. मृदंगाचा आवाजही कमी केला नाही, तो बंद झाला असता तर माझा धीर गेला असता. सांगितलं की ती मुलगी होती. मी नर्सबाईंच्या हातून तिला मागून घेतली होती. कपाळ ह्यांचं होतं आणि बोटं लांब, अगदी ह्यांच्यासारखी लांब. तिला मी मांडीवर घेतली होती, थोडा वेळच, मग बाईंनी नेली. मनातल्या मनात मी तिचं नाव ठेवलं होतं, आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं, तेही सांगितलं. तुम्ही दूर होतात म्हणून मी कधी रागावले नाही, पण त्या दिवशी रागावले होते, हेही सांगितलं. हे हळूहळू मान हलवत होते. घाईने तोंड घालत नव्हते, उगाच समजूत काढत नव्हते. मला वाटलं, किती शांतपणे ऐकतायत. एवढी वाट बघितली ते बरंच केलं.

गोळपच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आलो आणि रेकॉर्डिंगचा एक भाग संपला. मृदंग थांबला. ह्यांची मान थांबली. डोळे उघडून हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काय गो, रागावलीस का माझ्यावर? घरातून निघाल्यापासून एक अक्षर बोलली नाहीस. मी घरी आल्यापासून बघतोय, गाडीत बसलीस की तोंडाला कुलूप. पूर्वी किती बोलायचीस."

मी गाडी बाजूला घेतली. मान मृदंगाला हलत होती, मला नाही. घरात हे माझ्या ओठांकडे बघून थोडंफार ओळखत होते, आणि गाडीत माझं तोंड रस्त्याकडे. बायकांचा आवाज बारीक. तो ह्यांच्यासाठी केव्हाच मेला होता, आणि इतके दिवस हे मनात धरून होते की बायको आपल्याशी बोलेनाशी झाली. नवरा घरी आला आणि बायको गप्प झाली, असं समजून हा माणूस मुकाट्याने माझ्या शेजारी बसत होता. मी मात्र आयुष्यभराचं साठवलेलं त्या सड्यावर वाऱ्यात सांडून मोकळी झाले होते.

पुन्हा सांगता आलं असतं. ह्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा, नुसत्या ओठांनी सांगतात तसं. मुलगी. मांडीवर. लांब बोटं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आठ दिवस झाले होते ह्यांना सुख लागून. हे घाबरून माझ्या ओठांकडे बघत होते, मी आता काय म्हणते म्हणून.

मी ह्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "नाही हो, रागावले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं."

ह्यांना ते लगेच कळलं. चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, "मग बरं. मला वाटलं, मी काही केलं की काय." आणि हात पुढे करून रेकॉर्डिंगचा पुढचा भाग लावला. मी गाडी रस्त्यावर घेतली. मृदंग सुरू झाला, हे डोळे मिटून मांडीवर वाजवायला लागले, आणि मी पावसच्या उतारापर्यंत तिचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडले.