बोरगावच्या बागेतलं इंग्रजी

"माठ फुटला का वाचला?"

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या मराठी शाळेत इंग्रजीच्या सरांचा दहावीचा तास चालू आहे, हे कळायला वेळापत्रक लागत नसे. भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की पुरे. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवायचो. म्हणजे नागपूरच्या पलीकडं न गेलेला माणूस आफ्रिकेतल्या नद्यांविषयी जितकं सांगू शकतो, तितकं सांगायचो. माझी पोरं भिंतीला कान लावून बसत. मीही.

सर फळ्यावर दोन वाक्यं लिहीत. दोन्हींत तोच पोरगा, तोच माठ, तेच 'नॉट'. फक्त 'पर्पजली' म्हणजे 'मुद्दाम' हा शब्द एका वाक्यात 'नॉट'च्या आधी, दुसऱ्यात नंतर. पोरं गोंधळली की सर म्हणत, "अरे, 'नॉट' म्हणजे मारका बैल आहे. समोर येईल त्याले शिंग! 'पर्पजली' मागं उभा राहिला, तर तो वाचला. पोरानं मुद्दामच माठ फोडला नाही. पण तोच समोर आला, तर पहिलं शिंग त्याले. माठ फुटला बाप्पा, पण मुद्दाम नाही!"

हे सगळं मराठीत, बरं का. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ऐंशीच्या त्या दशकात आमच्याकडं इंग्रजी ही फळ्यावर लिहायची आणि मराठीत समजून घ्यायची गोष्ट होती. तुम्ही त्या भागात शिकला असाल, तर हसू नका. तुमचंही तसंच झालं असेल.

सर सगळ्यांना विषयाच्या नावानं हाक मारत. "काय भूगोल, जेवले का?" "गणित आज दिसून नाही राहिले." मला ते आवडायचं. घरी माझं नाव कुणी इतक्या मानानं घेत नसे.

एकदा बाजारात आडत्याच्या दुकानापुढं नवा बाक आला. त्यावर पेंटरनं पाटी रंगवली होती, 'डू नॉट स्ट्रिक्टली सिट हिअर'. सर गेले आणि त्याच बाकावर पाय पसरून बसले. आडत्या धावत आला. "सर, पाटी वाचली नाही का?"

"वाचली ना. कडक बसू नका म्हणते. मी सैल बसून राहिलो."

दुसऱ्या दिवशी 'स्ट्रिक्टली' 'नॉट'च्या अलीकडं आला. पेंटरनं तो सरांसमोर उभं राहून रंगवला. साऱ्या बाजाराला सरांचा केवढा अभिमान! कुणाची तार येवो, कुणाचं नोकरीचं बोलावणं येवो, माणसं सरांकडं जात. सर चष्मा लावून ते मनात वाचत, मग मराठीत अर्थ सांगत. एका ठेकेदाराकडं नवा टीव्ही आला होता. त्यावर इंग्रजी बातम्या लागल्या की सर उठून घरी जात. मला वाटायचं, एवढ्या जाणत्या माणसाला त्यात काय नवं? मी तसं चार लोकांना सांगितलंही होतं. आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. हवं होतं. पण माझं निरीक्षण पहिल्यापासून आफ्रिकेतच जास्त.

हिवाळ्यात बोरगावकडच्या एका मोठ्या संत्र्याच्या बागेत परदेशातला एक साहेब येणार होता. झाडं पाहायला. बरोबर कृषी खात्याचा अधिकारी होता, पण त्याचं इंग्रजी फायलीपुरतं. बागेचे मालक चौकात मला भेटले. "मास्तर, तुमच्या शाळेत कोणी इंग्रजीवाले आहेत ना?"

"आहेत म्हणजे? साहेबाचं इंग्रजी दुरुस्त करून परत पाठवतील!"

हे मी एकदा म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मी ते पानठेल्यावर म्हटलं, सलूनमध्ये म्हटलं, जामसांवलीच्या बसमध्येसुद्धा म्हटलं. सरांना सर्वांत शेवटी सांगितलं. ते एकदम म्हणाले, "नाही भूगोल, मी येत नाही."

"काहून सर?"

"घसा बसून राहिला."

घसा ठणठणीत होता. मला वाटलं, विनय. मी सकाळीच त्यांच्या दारात हजर झालो आणि त्यांना सायकलीसकट घेऊन गेलो.

बागेत जत्रा जमली होती. शाळेतली पोरं, त्यांचे बाप, आडत्या, तो पेंटरसुद्धा. झाडं ताणावर सोडलेली. म्हणजे बहर यावा म्हणून त्यांचं पाणी मुद्दाम तोडलेलं, पानं मलूल झालेली. साहेब उंच, लालबुंद, हसरा. त्यानं एक पान चुरगाळलं आणि सरांकडं वळून भराभर काहीतरी विचारलं.

सर उभे राहिले. ओठ हलले. आवाज आला नाही.

साहेबानं पुन्हा विचारलं, सावकाश. सर चष्मा लावून त्याच्या तोंडाकडं पाहू लागले. मागून एक बाप म्हणाला, "बोला ना सर!" दुसरा हळूच म्हणाला, "सरले येत नाही का बाप्पा?" ते सगळ्यांनी ऐकलं. सरांनी तर नक्कीच.

तिथं मी गप्प राहायला हवं होतं. अधिकाऱ्यानं कसंतरी निभावलं असतं, थोड्या वेळानं लोक विसरले असते. पण मला सरांना वाचवायचं होतं! मी पुढं उडी मारली आणि हात नाचवत ओरडलो, "नो वॉटर! ट्री थर्स्टी! ट्री अँग्री! देन मच फ्लॉवर!"

साहेबाला सगळं कळलं. त्यानं माझा हात धरून गदागदा हलवला. अधिकारी म्हणाला, "वाह मास्टरजी, आपको तो बढ़िया अंग्रेज़ी आती है!" टाळ्या पडल्या. शरमेची गोष्ट अशी की, त्या टाळ्या मला दोन-तीन क्षण गोड लागल्या. मग मी मागं पाहिलं. सर सायकल हातात धरून बांधावरून चालत निघाले होते. तिच्यावर बसलेही नव्हते.

मी त्यांना रस्त्यावर गाठलं. माझ्याकडं न पाहताच ते म्हणाले, "तो बोलला ना, त्या वाक्यात 'नॉट' होतं. अन 'यूज्वली'पण होतं. मी 'यूज्वली' कुठं बसला ते शोधून राहिलो, तवर तो पुढच्या वाक्यावर गेला." थोडं चालले. "मी कधी कोणाशी बोललोच नाही, भूगोल. माझ्या मास्तरांनीही मले बोलून नाही शिकवलं."

मी माफी मागितली. त्यांनी सायकलीवर टांग टाकली.

पुढच्या आठवड्यात लोक तारा घेऊन माझ्याकडं यायला लागले. मी म्हणायचो, "अहो, सरांकडं जा, मले काय समजते!" ते हसायचे. "साहेबासंग बोलणारे तुम्ही, अन म्हणता समजत नाही!" मग हेडमास्तरांनी दहावीचं इंग्रजी माझ्याकडं दिलं. मी हात जोडले, आजारी पडून पाहिलं, काही चाललं नाही. बापांनीच मागणी केली होती. सरांकडं पाचवीची ए-बी-सी-डी आली.

त्यांनी मला संध्याकाळी घरी बोलावलं. रागवायला असेल म्हणून मी गेलो, तर पाटी पुढं सरकवून म्हणाले, "उद्या काय शिकवणार? बसा." तेव्हापासून ते मला 'भूगोल' म्हणणं सोडून नावानं हाक मारू लागले. ते रोज शिकवत, मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन तेच ओकत असे. पोरांनी माझी तारीफ केली की मी खिडकीबाहेर पाहायचो.

सर निवृत्त झाले आणि पांढुर्ण्याला मुलीकडं राहायला निघाले, तेव्हा शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला. हेडमास्तर म्हणाले, "इंग्रजीच्या सरांना निरोप इंग्रजीतच शोभेल," आणि माझ्याकडं पाहिलं. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवून म्हटलं, "बोला ना."

ते हार घालून खुर्चीत बसले होते. मी बोलत होतो. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याचं एक बोट धोतरावरून हळूहळू सरकत होतं. इकडून काही उचलून तिकडं ठेवावं, तसं. आधी मला कळेना. मग कळलं. ते माझी वाक्यं नीट लावत होते. प्रत्येक वाक्यानंतर बोट एकदा जागेवरून निघायचं, एक शब्द घेऊन जायचं आणि परत यायचं.

शेवटचं वाक्य मी पाठ करून नेलं होतं, ते ऐन वेळी उलटंपालटं झालं. जे तोंडातून पडलं, ते इतकं वाईट होतं की माझं मलाच कळलं. पोरं टाळ्या वाजवत होती. सरांचं बोट उठलं. मग त्यांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला आणि ते उठलेलं बोट तसंच दाबून धरलं.