हद्दीपलीकडचा कोरा कागद

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या भूगोलाच्या सरांचा. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी शेजारी बसून भरून घेतला. नकाशा काढायलाही त्यांनीच शिकवलं. आधी सीमा, ठळक. मग आतलं सगळं. बाहेर कोरं.

आता इकडे आखातात, अझैबातल्या ऑफिसात मी बसमार्ग आखतो. रुसैलच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी केलेला आराखडा मंत्रालयात मीच मांडणार, असं धरून चाललो होतो. बायकोला सांगूनही टाकलं होतं.

मग चीनहून एक सहकारी आली. माझ्याहून लहान. तिकडे शेजारच्या दोन प्रांतांच्या एकत्र आराखड्यावर तिने काम केलं होतं. एका प्रांतात कारखाने, दुसऱ्यात परवडणारी घरं. दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलाशी बसले आणि हद्द ओलांडणारी बस सुरू झाली, एकाच तिकिटावर. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती जमायचे. मी लांब बसून तिच्या इंग्रजीतल्या चुका मोजायचो.

एकदा तिने माझा नकाशा पाहिला. “या रेषेपलीकडे कोणी राहत नाही?”

प्रश्नात खवचटपणा नव्हता, म्हणून जास्त झोंबला. पलीकडे कामगारांच्या वसाहती होत्या. माझ्या बस मात्र आमच्या प्रांताच्या हद्दीवरूनच परत फिरत होत्या.

साहेबांनी नकाशा गुंडाळला. “खलास. ती मांडेल. तू शेजारी बस.”

आमचा रत्नागिरीचा ड्राफ्ट्समन कानाशी पुटपुटला, “भाऊ, करपल्याचा वास येतोय. डबा की तुम्ही?”

मंत्रालयात मी तिच्या स्लाइड पुढे सरकवत बसलो. तिच्या नकाशात हद्द होती, पण शेवटी काढलेली, फिकट.

त्या शुक्रवारी सरांना पत्र पाठवलं:

“आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

एका सहकारी मुलीचा मला मत्सर वाटतो, हे घरी बोलता येत नाही. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्ही शिकवलंत तशी मी आधी सीमा काढली आणि पलीकडची माणसं विसरलो. खरं सांगतो, तुम्हाला दोष द्यायलाच पेन उचललं होतं. मग आठवलं, तुमचं गाव कर्नाटकात. तिकडची बस सीमेवरच्या नाक्यापर्यंत, पुढे चालत, मग आपली एसटी. तरी घंटेआधी तुम्ही वर्गात. माझ्या वहीतल्या नकाशात तुमचं गाव सीमेबाहेरच्या कोऱ्या भागात होतं आणि मी कधी विचारलंही नाही.

तिच्या देशात दोन प्रांतांची हद्द ओलांडणारी बस आहे, एकाच तिकिटावर. त्या बसचाही मला हेवा वाटतो, सर. ती तुमच्या वाट्याला यायला हवी होती.

तुमचा विद्यार्थी”