ताऊजींचे पाय

रस्त्यापलीकडच्या टपरीवरून दुधाची पिशवी आणायची असली तरी ताऊजी फटफटी काढायचे. टपरी फाटकातून दिसायची. मी एकदा हसून म्हटलं, "ताऊजी, चार पावलं तर जायचंय!" किक मारत म्हणाले, "बेटा, पैदल बहुत चल लिए."

दूर उत्तरेत, सीतापुऱ्यातल्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. ताऊजी म्हणजे मोठे काका, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणायची. सांगलीची एकटी पोर म्हणून मांजींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी जेवायला बसवलं. गाव त्यांचं तिथलंच. शेतावर आता कॉलनी उभी होती. ज्या माणसाने उभा जन्म गुरांमागे रान तुडवलं, तो दिवसभर खाटेवर बसून असायचा. बाजरीची भाकरी आणि ताक घरातून गेलं. मैद्याची बिस्किटं, बाटलीतलं थंड पेय आणि तासातासाला चहा आला. चहात साखर इतकी की मला ठसका लागायचा. पाहुण्याला ताक दिलं तर लोक हसतील, असं ताऊजींचं म्हणणं. सुबत्ता आली होती ना! तुम्ही शहराच्या कडेला राहत असाल तर असं घर तुम्हीही पाहिलं असेल.

शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. ताऊजींनी गोळ्या घेतल्या, पण चालायचं नाव काढलं की तेच, "पैदल बहुत चल लिए." आम्ही हसायचो. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

मग कुणा शहाण्याने सांगितलं, अनवाणी पदयात्रेचा नवस बोला, रोग मुळापासून जातो. वर हेही सांगितलं की नवस बोलल्यावर गोळी घेतली म्हणजे देवावर भरवसा नाही. झालं! गोळ्या बंद. त्या श्रावणात पावसाने दडी मारली होती, डांबर नुसतं तापलेलं. फाटकापर्यंत न चालणारा माणूस खांद्यावर निशाण घेऊन निघाला. मी हात जोडले, "ताऊजी, निदान चप्पल तरी घाला." मांजी रडल्या. ते ऐकतात थोडेच!

वाटेतला व्हिडिओ त्यांच्या मुलाने नंतर मला दाखवला. बाकीचे यात्रेकरू चटक्यांनी उड्या मारत सावली शोधतायत आणि ताऊजी मधोमध सरळ चाललेत. "देवाने माझे पाय थंड केलेत," असं ते हसत सांगतायत. बायामाणसं रांगेने त्यांच्या पाया पडतायत. साखरेने त्या पायांची जाणीवच मेलीय, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? तळव्याला फोड आला, फुटला, त्यात खडा रुतला, ताऊजींना पत्ता नाही. इतके लोक पायांवर वाकले, कुणाला तरी दिसलंच असणार. पण चमत्काराच्या आड कोण येतो?

घरी आल्यावर मांजींना आधी वास आला. पाऊल काळं पडलं होतं. हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय कापला. मी भेटायला गेले तर म्हणाले, "बेटा, खरंच काही लागत नव्हतं गं." आपल्याला कुणी खोटारडा म्हणू नये, एवढीच धडपड चालली होती बिचाऱ्यांची. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. जखम वर चढत गेली. दिवाळीच्या आधी ताऊजी गेले.

पुढच्या श्रावणात पदयात्रा घरासमोरून गेली. ट्रकवरच्या भोंग्यातून एकजण ओरडून सांगत होता, याच घरातले भक्त तापल्या डांबरावर अनवाणी चालले, साधा फोडसुद्धा आला नाही! लोकांनी जयजयकार केला. माझं डोकंच फिरलं. त्या माणसाला चार शब्द सुनवायचेच, म्हणून मी फाटक उघडलं.

मांजींनी माझा दंड धरला.

"बोलू दे, बेटा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या गोष्टीत तरी तुझ्या ताऊजींचे दोन्ही पाय शाबूत आहेत."