लेक आणायला श्रीरंगमला

तीन अखाज्या माझी लेक माहेरी आली नाही. चौथीला मी ठरवलं, आता मुराळी म्हणून आपणच जायचं. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येतेच. भाऊ नाहीतर काका तिला घ्यायला जातो, तो मुराळी. आई कधी मुराळी होत नाही. पण माझ्या लेकीला भाऊ नाही, आणि तिच्या वडिलांना पाठवलं तर ते चार कप कॉफी पिऊन एकटेच परत येतील, याची मला खात्री होती.

दोष कोणाचा, हे मला पाठ होतं. विहीणबाईंचा. एरंडोलच्या आठवडे बाजारात पाटीत बांगड्या घेऊन बसायचे तिथून धुळ्यातल्या दोन दुकानांपर्यंत मी आले, ती समोरच्याच्या तोंडावरून त्याचा शेवटचा भाव ओळखत. लेक फोनवर 'यंदा जमणार नाही' म्हणायची, तेव्हा तिच्या मागे कोण उभं आहे हे मला धुळ्यात बसून दिसायचं.

जावई आमच्या खानदेशातलाच, पण नोकरी तिरुचीला, घर श्रीरंगमला, आणि विहीणबाई त्याच्याकडेच. श्रीरंगम म्हणजे कावेरीतलं बेट. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला तिचाच फाटा, आणि मधे देवळाला वेढे घालून बसलेलं अख्खं शहर. मी भुसावळला गाडीत बसले, चेन्नईला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी जावयाच्या दारात उतरले. परतीची दोन तिकिटं, माझं आणि लेकीचं, आधीच काढलेली होती. विचारायचं नंतर.

तिथे चैत्राच्या रथाची धामधूम होती. खेड्यापाड्यांतून माणसं आली होती, कोणी देवाला वाहायला गाय आणलेली, कोणी धान्याचं पोतं. दारोदार रांगोळ्या. ऊन आमच्यापेक्षा कमी, घाम मात्र दुप्पट. तिथे मोगऱ्याची माळ हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप. मी भाव विचारत बसले नाही. सगळ्या माळवाल्यांचे हात बघितले आणि सर्वांत उंच माणसाकडून दोन मापं घेतली. लेक लाजली. विहीणबाई मात्र हसल्या, आणि त्यांनीही त्याच्याकडूनच घेतली.

रथाच्या दिवशी पहाटेच आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. रथ कसला, डोंगरच हलत होता. हजारो माणसं दोर ओढत होती, आणि वळणावर चाकाखाली लाकडाच्या पाचरी सरकवून त्याला वळवत होती. आमच्याकडे रथाला मोगरी लावतात, अगदी तशीच रीत. विहीणबाई हात जोडून उभ्या, चेहरा खुललेला. सौद्याला हीच वेळ बरी, म्हणून मी बोलले.

"विहीणबाई, लेकीला पंधरा दिवस नेते."

माझा हिशेब असा, की त्या चार म्हणतील, मी बारावर येईन आणि आठावर सौदा पटेल. त्या रथावरची नजर न काढता म्हणाल्या, "लई जा ना बहीन. मी काय धरी ठेयेल शे का तिले?"

मागितलेला भाव समोरच्याने एका बोलात दिला, की समजावं आपण चुकीच्या दुकानात शिरलोय. घरी आल्यावर मी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं.

"कोण अडवतं तुला?"

"कोणी नाही. मीच येत नाही."

"का?"

"मागच्या वेळी काय केलंस तू? माझ्या हातात पाटली दिसली नाही, तर दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर, यांच्या आईला फोन लावलास. पाटली सोनाराकडे होती, आई. दुरुस्तीला. तू भांडून मोकळी झालीस, आणि मी परत आले ती त्यांच्या डोळ्याला डोळा कशी देणार होते?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर तुला काही बोलले नाही."

मी चपला घालून निघाले, ती थेट नदीवर. कावेरीत पाणी थोडं, वाळू फार. तासभर तिथे बसले. डोकं आधी तापलं, मग हळूहळू निवलं. त्या फोनचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी लेक चहा घेऊन आली. "येते मी. पण एक अट. सासूबाईंनाही न्यायचं."

"त्यांना कशाला?"

"त्यांचं माहेर धुळ्याजवळच आहे. भाऊ गेल्यापासून कोणी घ्यायला येत नाही."

"मग मी काय गावभर मुराळी म्हणून फिरू? चार दिवस नेते त्यांना."

"पंधरा. तूच म्हणालीस."

"आठ."

"पंधरा. आणि भांडायचंच असेल तर समोरासमोर भांड."

माझ्याच पोटची. मग पदर सारखा करून बाहेरच्या खोलीत गेले. विहीणबाई शेंगा सोलत होत्या.

"चला अखाजीला. घ्यायला आलेय."

"माले?" त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग दुसरं कोणाले?"

त्या उठून पलंगाखालची बॅग ओढायला लागल्या. जावयाने धडपड करून तिसरं तिकीट मिळवलं.

दोन दिवसांच्या गाडीत आम्ही पत्ते खेळलो, शेव खाल्ली आणि पाटलीचा विषय कोणीच काढला नाही. चूक झाली असं मी अजूनही तोंडाने म्हटलेलं नाही. ते मला जमत नाही. अखाजीला अंगणातल्या निंबाला झोका बांधला. लेकीने आधी सासूला बसवलं आणि मला मागे उभं केलं, झोका द्यायला. मी बेताने ढकललं.

"जोरमा दे ना बहीन," विहीणबाई वळून म्हणाल्या, "फोनवर तं भलता जोर ऱ्हास तुना!"

मग मात्र मी पदर खोचला.